ऑस्ट्रेलियात पक्षनेते इतक्या वेळा का बदलतात? स्पिल, गट आणि मतांची मोजणी

तारांगण

२००७ ते २०१८ या अकरा वर्षांत ऑस्ट्रेलियाचं पंतप्रधानपद सहा वेळा बदललं: लेबर पक्षाचे केविन रड, ज्युलिया गिलार्ड, पुन्हा रड, मग लिबरल पक्षाचे टोनी ॲबट, माल्कम टर्नबुल, स्कॉट मॉरिसन. यातले फक्त दोन बदल मतदारांनी केले, २००७ चा आणि २०१३ च्या सप्टेंबरचा. उरलेले चार कॅनबेराच्या संसद भवनात, बंद दाराआडच्या पक्षबैठकीत झाले. आपल्याकडे ही बातमी ‘पंतप्रधानांची उचलबांगडी’ एवढ्या मथळ्यात येते आणि संपते. मत कोणाला असतं, किती मतं लागतात, बैठक कोण बोलावतं, गट नेमकं काय काम करतात, हे कुठे नीट वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

लिबरल पक्षापासून सुरुवात करते. पक्षबैठक म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट, दोन्हीकडचे त्या पक्षाचे सगळे खासदार. अधिवेशनाच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ती भरते. युतीतल्या नॅशनल पक्षाची बैठक वेगळी असते आणि लिबरल नेता निवडताना त्यांना मत नसतं. साध्या सभासदालाही नसतं. म्हणजे देशाचा पंतप्रधान ठरवणारे लोक साधारण ८० ते १००.

स्पिल म्हणजे नेतेपद रिकामं करून पुन्हा निवड घेणं. त्याचे दोन टप्पे. आधी ठराव: पद रिकामं करायचं का? गुप्त मतदान, साधं बहुमत. ठराव पडला तर विषय तिथेच मिटतो. मंजूर झाला तर उमेदवार उभे राहतात, सगळ्यात कमी मतं मिळालेला बाद होतो आणि कुणाला तरी निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत फेऱ्या चालतात. नेत्यानं स्वतःहून पद रिकामं जाहीर केलं तर पहिला टप्पा लागत नाही.

९ फेब्रुवारी २०१५ चं उदाहरण घ्या. ॲबट यांनी २६ जानेवारीला प्रिन्स फिलिप यांना ‘सर’ किताब दिला, त्यावरून पक्षातच संताप झाला आणि मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या दोन खासदारांनी स्पिलचा ठराव आणला. समोर एकही उमेदवार नव्हता. तरी ३९ जणांनी पद रिकामं करायच्या बाजूनं मत दिलं, विरोधात ६१. पंतप्रधान वाचले, पण ‘कुणीही चालेल, हे नकोत’ म्हणणारे ३९ निघाले. सात महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, टर्नबुल ५४–४४ ने जिंकले.

लेबरबद्दल ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी पुढे लिहावं.

खजिनदार

लेबरकडे जाण्याआधी २०१८ चा ऑगस्ट बारकाईनं बघायला हवा, कारण स्पिलचे सगळे प्रकार त्या एका आठवड्यात सापडतात.

मंगळवार, २१ ऑगस्ट. टर्नबुल यांनी बैठकीत स्वतःच नेतेपद रिकामं जाहीर केलं. हेतू असा, की आव्हान द्यायच्या तयारीतले मंत्री पीटर डटन यांच्या माणसांची जमवाजमव अजून अर्धवट आहे, आत्ताच मत घेऊन टाकू. जिंकलेही, ४८–३५ ने. पण आकडा बाहेर आला आणि सगळ्यांना बेरीज कळली: सात जण फिरले की ४१–४२. त्याआधी विरोधक नेमके किती हे कुणालाच माहीत नव्हतं. घाईत घेतलेल्या मतदानानं ते विरोधकांनाच सांगून टाकलं.

पुढचे दोन दिवस मंत्र्यांचे राजीनामे. गुरुवारी मथायस कॉरमन, मिच फायफिल्ड आणि मिकेलिया कॅश या तीन ज्येष्ठ मंत्र्यांनी पाठिंबा काढला. टर्नबुल यांनी अट घातली: दुसरी बैठक हवी असेल तर ४३ सह्यांचं पत्र आणा. ४३ का? पक्षबैठकीत तेव्हा ८५ खासदार होते, त्याचं हे साधं बहुमत. गुप्त चिठ्ठीवर पंतप्रधानांविरुद्ध मत देणारा खासदार कागदावर नाव लिहायला कचरतो, कारण तो कागद पुढे कुणाच्याही हातात पडू शकतो. त्याच दिवशी दुसरा अडथळा उभा राहिला. डटन यांच्या कौटुंबिक ट्रस्टची पाळणाघरं होती आणि त्यांना सरकारी अनुदान मिळत होतं. त्यामुळे ते घटनेच्या कलम ४४ खाली खासदारकीलाच अपात्र ठरतात का, यावर सॉलिसिटर-जनरलचं, म्हणजे सरकारच्या वरिष्ठ कायदा सल्लागाराचं, मत मागवलं गेलं. या सगळ्यात गेलेला वेळ अर्थमंत्री मॉरिसन यांना आपली माणसं मोजायला मिळाला.

शुक्रवारी सह्या पूर्ण झाल्या. ४३ वी सही खासदार वॉरन एंच यांची होती आणि शेजारी त्यांनी ब्रेंडन नेल्सन यांचं नाव लिहिलं होतं. नेल्सन म्हणजे २००८ मध्ये टर्नबुल यांनी ४५–४१ ने हटवलेले नेते. दहा वर्षांची जुनी बाकी अशी वसूल होते.

मग मोजणी. पद रिकामं करायचा ठराव ४५–४० ने मंजूर. टर्नबुल उभे राहिले नाहीत. पहिल्या फेरीत डटन ३८, मॉरिसन ३६, ज्युली बिशप ११. दुसऱ्या फेरीत मॉरिसन ४५, डटन ४०. इथे डटन गटाची चूक लक्षात घ्या. त्यांनी ठरावाच्या बाजूची ४५ मतं आपलीच धरली होती. त्यातले काही जण टर्नबुल जावेत म्हणून ठरावाला हो म्हणाले, पण डटन यावेत म्हणून नाही. ठरावाची मतं आणि उमेदवाराची मतं या दोन वेगळ्या याद्या असतात आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या असतात.

बिशप अकरा वर्षं उपनेत्या होत्या आणि जनमत चाचण्यांत पक्षातल्या इतर नावांपेक्षा वर होत्या. तरी ११ मतं. डटन यांची माणसं पहिल्या फेरीत बिशप यांना मतं घालतील, मॉरिसन यांना बाहेर काढतील आणि मग अंतिम फेरीत बिशप यांना हरवतील, अशी भीती मवाळ गटात पसरली होती. म्हणून बिशप आवडत असल्या तरी मत मॉरिसन यांना द्या, असे निरोप त्यांच्या व्हॉट्सॲप गटात फिरले. ते निरोप दोनच दिवसांनी टीव्हीवर झळकले.

नीलमोहर

याची किंमत किती पडली तेही लिहायला हवं. टर्नबुल यांनी खासदारकी सोडली, सिडनीच्या वेंटवर्थ मतदारसंघात २० ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. लिबरलची पहिल्या पसंतीची मतं ६२ टक्क्यांवरून ४३ वर आली आणि अपक्ष केरिन फेल्प्स निवडून आल्या. सरकारचं बहुमत गेलं. नोव्हेंबरात ज्युलिया बँक्स पक्ष सोडून अपक्ष बसल्या.

त्यानंतर ३ डिसेंबरला लिबरल पक्षबैठकीनं नियम केला, की निवडणूक जिंकून आलेल्या पंतप्रधानाला हटवायचं तर दोन तृतीयांश खासदार लागतील. यातले ‘निवडणूक जिंकून आलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. विरोधी पक्षनेत्याला हे कवच नाही. तिथे अजूनही साधं बहुमत पुरतं.

आणखी एक गोष्ट. आव्हान देणारा पहिल्या खेपेला बहुतेक वेळा हरतो. लेबरचे पंतप्रधान बॉब हॉक आणि त्यांचे अर्थमंत्री पॉल कीटिंग बघा: ३ जून १९९१ ला हॉक ६६–४४ ने जिंकले, कीटिंग अर्थमंत्रिपद सोडून मागच्या बाकावर गेले आणि १९ डिसेंबरला ५६–५१ ने पंतप्रधान झाले. दोघांत १९८८ च्या नोव्हेंबरात किरिबिली हाऊस या पंतप्रधानांच्या सिडनीतल्या निवासस्थानी साक्षीदारांसमोर करार झाला होता, की पुढची निवडणूक जिंकल्यावर हॉक पद सोडतील. करार पाळला गेला नाही, तेव्हा मोजणीच करावी लागली. लिबरलमध्ये पुढे पंतप्रधान झालेले जॉन हॉवर्ड आणि अर्थमंत्री झालेले पीटर कॉस्टेलो यांच्यातही १९९४ चं असंच बोलणं झाल्याचा दावा होता, पक्षातलेच इयन मॅकलॉकलन यांच्या पाकिटातल्या टिपणासह. तो २००६ मध्ये उघड झाला, पण कॉस्टेलो यांनी कधी आव्हानच दिलं नाही, कारण मतं नव्हती.

सह्यकडा

लेबरबद्दल लिहितो. इथे खासदारांच्या बैठकीला कॉकस म्हणतात आणि गट उघड, नोंदलेले असतात: उजवा आणि डावा, शिवाय प्रत्येक राज्यात त्यांचे पोटगट. न्यू साउथ वेल्सचा उजवा गट वेगळा, व्हिक्टोरियाचा उजवा वेगळा. गटांच्या स्वतःच्या बैठका होतात, निवडून दिलेले संयोजक असतात. लिबरलमध्ये मवाळ, मधले-उजवे आणि कट्टर उजवे असे गट आहेतच, पण ते सैल असतात. त्यांचं खासदारावर बंधन कमी.

२३ जून २०१० च्या रात्री गिलार्ड यांनी रड यांना आव्हान दिलं, २४ ला सकाळी कॉकस भरलं, रड उभेच राहिले नाहीत. पहिल्याच कार्यकाळातला पंतप्रधान, तोही अडीच वर्षांपूर्वी मोठा विजय मिळवलेला. बाहेरच्यांना हे एका रात्रीत घडल्यासारखं दिसलं, पण त्याच्या मुळाशी एक जुना निर्णय होता. लेबरच्या परंपरेत मंत्री कोण हे कॉकस निवडतं आणि पंतप्रधान फक्त खाती वाटतो. २००७ मध्ये रड यांनी मंत्री निवडण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. त्यांचा स्वतःचा गट नव्हता, आणि आता गटांचंही त्यांच्याकडे काही अडकलेलं नव्हतं. जनमत चाचण्या चढत्या होत्या तोवर चाललं. एप्रिल २०१० मध्ये कार्बन उत्सर्जन योजना पुढे ढकलली, मे महिन्यात खाणकंपन्यांवरच्या नव्या करावरून रान पेटलं, आकडे घसरले आणि सावरायला मागे कुणी उभं नव्हतं.

पुढचे आकडे:

२७ फेब्रुवारी २०१२: गिलार्ड ७१, रड ३१.
२१ मार्च २०१३: मंत्री सायमन क्रीन यांनी जाहीरपणे स्पिल मागितलं, रड उभे राहिले नाहीत, गिलार्ड बिनविरोध.
२६ जून २०१३: रड ५७, गिलार्ड ४५.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची बेरीज १०२ च आहे. सोळा महिन्यांत निव्वळ २६ मतं इकडून तिकडे गेली. तत्त्व बदललं नव्हतं, जागा वाचवण्याचा हिशोब बदलला होता. बिल शॉर्टन यांनी २०१० मध्ये गिलार्ड यांच्यासाठी मतं गोळा केली होती, त्यांनीच २०१३ मध्ये मतदानाच्या थोडं आधी रड यांना पाठिंबा जाहीर केला.

पाणपोई

एक शंका. गिलार्ड व्हिक्टोरियाच्या डाव्या गटाच्या ना? मग शॉर्टन, मार्क आर्बिब ही उजव्या गटाची माणसं त्यांच्यामागे कशी?

सह्यकडा

पाणपोई, बरोबर ओळखलंत. गटाचं नाव आणि विचार यांची सांगड फार घट्ट मानू नये. गट म्हणजे मुळात जागांची वाटणी करणारी संस्था. आपल्या माणसाला सुरक्षित मतदारसंघ, सिनेटच्या यादीत वरचा क्रमांक, मंत्रिपद मिळवून देणं हे त्याचं रोजचं काम. २०१० मध्ये उजव्या गटाकडे स्वतःचा चालेल असा चेहरा नव्हता आणि उपपंतप्रधान गिलार्ड तयार होत्या.

पडद्याआडून पक्ष चालवणाऱ्या माणसांवरची टीका तिथे फार जुनी आहे. १९६३ च्या मार्चमध्ये लेबरच्या ३६ प्रतिनिधींची विशेष परिषद कॅनबेराच्या एका हॉटेलात अमेरिकी दळणवळण तळाबद्दल पक्षाचं धोरण ठरवत होती आणि पक्षाचे नेते आर्थर कॅलवेल व गॉफ व्हिटलम रात्री बाहेर रस्त्यावर निकालाची वाट बघत उभे होते. त्याचं छायाचित्र छापून आलं. ‘३६ बिनचेहऱ्याची माणसं’ हा हल्ला पंतप्रधान मेन्झीस यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीत पुरेपूर वापरला. २०१० नंतर तोच शब्दप्रयोग परत आला.

खजिनदार

आता रड यांनी २०१३ मध्ये केलेला नियमबदल. माझ्या मते १९९० नंतर ऑस्ट्रेलियाच्या पक्षांतर्गत राजकारणातला हा सगळ्यात परिणामकारक बदल आहे. परत आल्यावर चार आठवड्यांत, २२ जुलैला, सिडनीच्या बॅलमेन भागात कॉकसची खास बैठक घेऊन त्यांनी तो मंजूर करून घेतला.

नेता निवडताना ५० टक्के वजन कॉकसच्या मतांना, ५० टक्के पक्षसभासदांच्या मतांना. पंतप्रधानाला हटवायचं तर कॉकसच्या ७५ टक्के खासदारांच्या सह्या, विरोधी पक्षनेत्याला हटवायचं तर ६० टक्के. निवडणूक हरल्यावर नेतेपद आपोआप खुलं.

सह्यांची अट टक्केवारीपेक्षाही जड आहे. गुप्त मतदान उरतच नाही. वर २०१८ च्या ४३ सह्या जमवताना काय दमछाक झाली ते दिसलंच. इथे तर पंतप्रधानासाठी दर चार खासदारांतल्या तिघांनी नाव लिहून द्यायचं. शिवाय त्यानंतरची निवड महिनाभर चालते, त्या काळात देशाला काळजीवाहू नेता. एका रात्रीत काम उरकणं शक्यच नाही.

पहिला वापर २०१३ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये झाला, शॉर्टन विरुद्ध अँथनी अल्बानीझी. मधल्या काळात क्रिस बोवेन हंगामी नेते. सभासदांत अल्बानीझी यांना ५९.९२ टक्के, कॉकसमध्ये शॉर्टन यांना ५५–३१ म्हणजे ६३.९५ टक्के. दोन्हींची सरासरी काढली की शॉर्टन ५२.०२. सुमारे ३० हजार सभासदांनी मत दिलं होतं, खासदार ८६. म्हणजे एका खासदाराचं मत जवळपास ३५० सभासदांच्या बरोबरीचं. म्हणून सभासदांमध्ये वीस टक्क्यांच्या आघाडीनंही भागलं नाही. उजव्या गटाची कॉकसमधली शिस्त पुरेशी ठरली.

परिणाम बघा. २०१३ पासून २०२५ पर्यंत लेबरचे नेते दोनच, शॉर्टन आणि २०१९ पासून अल्बानीझी. शॉर्टन २०१६ ची निवडणूक हरूनही टिकले. त्याच काळात लिबरलचे पाच: ॲबट, टर्नबुल, मॉरिसन, डटन आणि मे २०२५ मध्ये सुझन ली.

तारांगण

म्हणजे भांडण संपलं असं नाही ना? ते दुसरीकडे सरकलं असणार.

सह्यकडा

सरकलंच. आता लढाई मंत्रिपदांच्या कोट्यावर आणि उमेदवारनिवडीवर होते.

कोटा असा चालतो. मंत्र्यांची संख्या कायद्यानं जास्तीत जास्त ३०. कॉकसमधल्या बळाप्रमाणे या जागा डाव्या-उजव्यांत वाटल्या जातात, मग प्रत्येक बाजू त्या राज्यवार वाटते, आणि नावं गट देतो. ३ मे २०२५ ला लेबर १५० पैकी ९४ जागांसह परत आलं. व्हिक्टोरियाच्या उजव्या गटानं वाढीव बळावर एक जास्त जागा मागितली. ती न्यू साउथ वेल्सच्या उजव्या गटाच्या वाट्यातून जाणार होती. तिथून एड ह्युसिक गेले, केंद्रातले पहिले मुस्लिम मंत्री. व्हिक्टोरियातही फेरबदल होऊन ॲटर्नी-जनरल मार्क ड्रायफस यांचं नाव कापलं गेलं आणि सॅम रे व डॅनियल मुलिनो आत आले. ह्युसिक यांनी टीव्हीवर उपपंतप्रधान रिचर्ड मार्ल्स यांना थेट जबाबदार धरलं. ड्रायफस यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार असल्याचं पुढे आलं नव्हतं. बेरजेत त्यांचं नाव बसलं नाही, एवढंच. इतक्या मोठ्या विजयानंतर पंतप्रधानांनी मनात आणलं असतं तर हे थांबवता आलं असतं, असं माझं मत आहे. त्यांनी गटांचा निर्णय मोडला नाही आणि त्याबदल्यात गटांकडून स्वस्थता मिळवली. रड यांच्या २००७ च्या निर्णयाशी ताडून बघा.

आता हे बळ येतं कुठून, ते खालून वर बघू. कामगार संघटना पक्षाशी संलग्न असते. तिच्या सभासदसंख्येवर राज्य परिषदेतले तिचे प्रतिनिधी ठरतात आणि ते प्रतिनिधी कोण हे बहुतांशी संघटनेच्या सचिवाच्या हातात. परिषदेत निम्मे प्रतिनिधी संघटनांचे, निम्मे स्थानिक शाखांचे. २००२ पर्यंत हे प्रमाण ६०–४० होतं. परिषद निवडसमिती नेमते. व्हिक्टोरियात उमेदवार ठरवताना निम्मं वजन या समितीला आणि निम्मं त्या मतदारसंघातल्या सभासदांना. तिथून उमेदवार, मग खासदार, मग कॉकसमधलं एक मत. दुकान-कर्मचाऱ्यांची संघटना उजवीकडे गेली की डावीकडे, यानं वरपर्यंत फरक पडतो तो असा.

मेलबर्नकर

सह्यकडा यांच्या साखळीतला ‘स्थानिक सभासद’ हा दुवा सगळ्यात कच्चा आहे आणि तो आपल्यासारख्या स्थलांतरितांशी थेट संबंधित आहे, म्हणून सविस्तर.

शाखांमध्ये सभासद कमी असतात. एखाद्या मतदारसंघात काही शे मतांवर उमेदवारी ठरते. तिथे कुणी एकगठ्ठा दोनशे अर्ज आणले तर खेळ संपला. याला तिथे ब्रँच स्टॅकिंग म्हणतात. भरती बहुतेक वेळा भाषिक किंवा धार्मिक समाजांतून होते, कारण एका पुढाऱ्याच्या शब्दावर अनेक घरं सही करतात. वर्गणी दुसराच भरतो, सहीही कधी दुसराच करतो, आणि मतपत्रिका टपालानं आली की ती गोळा करून भरली जाते.

जून २०२० मध्ये व्हिक्टोरियाचे मंत्री ॲडेम सोम्युरेक यांच्याबद्दलचं चित्रण टीव्हीवर आलं आणि लेबरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीनं राज्यशाखाच ताब्यात घेतली. स्टीव्ह ब्रॅक्स आणि जेनी मॅकलिन यांना प्रशासक नेमलं, सभासदांचे उमेदवार निवडण्याचे हक्क गोठवले. राज्याचा भ्रष्टाचारविरोधी आयोग आणि लोकपाल यांचा संयुक्त अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. त्यात दुसऱ्यांच्या वर्गण्या भरणं आणि सरकारी पगारावरच्या कर्मचाऱ्यांना गटाच्या कामाला लावणं या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत.

कुणाला खरोखर पक्षात जायचं असेल तर एवढं पाळा. अर्ज स्वतः भरा, ईमेल आणि पत्ता स्वतःचाच द्या. वर्गणी स्वतःच्या कार्डानं किंवा खात्यातून भरा आणि पावती ठेवा. हक्क नसताना सवलतीच्या दरात कुणी बसवलं तर नकार द्या. मतपत्रिका घरी आली की कुणाच्या हातात कोरी देऊ नका. शाखेच्या बैठकीला गेल्याची नोंद करा, कारण उमेदवारनिवडीत मत मिळण्याआधी सभासदत्वाची ठरावीक मुदत पूर्ण व्हावी लागते आणि पक्षानं छाननी केली तर पहिल्यांदा याच गोष्टी तपासल्या जातात.

नीलमोहर

लिबरलकडे हेच न्यू साउथ वेल्समध्ये वेगळ्या रूपात झालं. तिथे सभासद भरण्यापेक्षा प्रक्रिया अडवून धरणं हे हत्यार. उमेदवारांची छाननी करणाऱ्या समितीत पंतप्रधान मॉरिसन यांचे प्रतिनिधी ॲलेक्स हॉक होते. समितीची बैठकच भरली नाही तर सभासदांचं मतदान होऊ शकत नाही. २०२२ ची निवडणूक तोंडावर आली तरी कित्येक जागांवर उमेदवार नव्हते. शेवटी मार्चमध्ये केंद्रीय कार्यकारिणीनं मॉरिसन, राज्याचे मुख्यमंत्री डॉमिनिक पेरोटे आणि एक माजी पक्षाध्यक्षा अशा तिघांना अधिकार दिले आणि तीन विद्यमान खासदारांची उमेदवारी वरून जाहीर झाली: सुझन ली, ट्रेंट झिमरमन आणि स्वतः हॉक. प्रकरण न्यायालयात गेलं, हस्तक्षेप वैध ठरला. पण नवे उमेदवार मतदानाच्या काही आठवडे आधी रस्त्यावर उतरले आणि झिमरमन यांच्यासह सिडनीतल्या जुन्या सुरक्षित जागा अपक्षांकडे गेल्या.

पुढचा दुवा असा, की ज्यांची जागा २०२२ मध्ये अशी वाचली त्या लीच १३ मे २०२५ ला २९–२५ ने पक्षनेत्या झाल्या. समोर कट्टर उजव्या बाजूचे अँगस टेलर. चार मतांचं अंतर म्हणजे दोन माणसं फिरली की २७–२७. शिवाय सिनेटरांची मुदत ३० जूनला संपते, त्यामुळे १ जुलैला बाहेर पडणारे सिनेटरही मे महिन्यात मतदार असतात. विजयाच्या दिवशीची बेरीज जुलैत तीच राहत नाही.

पाणपोई

सिनेटर जसिंटा प्राइस यांनी भारतीयांबद्दल जे वक्तव्य केलं होतं, तेही या गटबाजीचाच भाग होता का?

नीलमोहर

वक्तव्य आणि त्यानंतरची कारवाई वेगवेगळ्या धरा. प्राइस मे २०२५ मध्ये नॅशनल पक्षाची बैठक सोडून लिबरलमध्ये आल्या, टेलर यांच्या जोडीनं उपनेतेपद लढवायला. टेलर हरल्यावर त्यांनी नाव मागे घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी म्हटलं, की लेबर सरकार भारतीयांना मतांसाठी देशात आणतं. सिडनी-मेलबर्नमध्ये राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, त्यात मराठी आलेच, हे लागलं आणि लागायलाच हवं होतं. पण त्या आठवडाभर पदावर होत्या. १० सप्टेंबरला ली यांच्या नेतृत्वावर विश्वास आहे का, या प्रश्नाला त्यांनी होकार दिला नाही, तेव्हा त्यांना पहिल्या बाकावरून, म्हणजे पक्षाच्या जबाबदारीच्या पदावरून हटवलं. दुसऱ्या दिवशी ली यांनी भारतीय समाजाची माफी मागितली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिबरल खासदार अँड्र्यू हेस्टी यांनीही पहिला बाक सोडला. वर कीटिंग यांच्याबाबत लिहिलं तेच: मागचा बाक म्हणजे पुढच्या आव्हानाची तयारी करायची जागा, तिथे नेत्याच्या बाजूनं बोलायचं बंधन नसतं.

मेलबर्नकर

इथे नेहमी विचारलं जातं म्हणून: पक्षांतरबंदीसारखा कायदा तिथे नाही. आपल्याकडच्या दहाव्या परिशिष्टाशी तुलना करू नका. पक्ष सोडला तरी खासदारकी राहते. फातिमा पेमन यांनी जून २०२४ मध्ये पॅलेस्टाइनच्या ठरावावर लेबरच्या विरोधात मत दिलं, निलंबन झालं, ४ जुलैला पक्ष सोडला आणि सिनेटर म्हणून राहिल्या. लेबरमध्ये पक्षादेश मोडणं म्हणजे हकालपट्टीचा धोका. लिबरलमध्ये मागच्या बाकावरच्याला विरोधी मत द्यायची मुभा तत्त्वतः आहे. कायद्याचा धाक नसल्यामुळे सगळी शिस्त उमेदवारीच्या धाकावर चालते, म्हणून वर सांगितलेली खालची लढाई एवढी कडवी.

पाणपोई

मग सगळंच सभासदांच्या हातात दिलं तर? नेताही त्यांनीच निवडावा.

खजिनदार

हा प्रयोग तिथे झालेला आहे. ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षात नेता सभासद निवडायचे. १९९९ मध्ये नेत्या मेग लीज यांनी हॉवर्ड सरकारच्या वस्तू व सेवा कराला तडजोड करून पाठिंबा दिला, सभासद चिडले आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांनी नताशा स्टॉट डेस्पोया यांना बहुमतानं नेता केलं. पण रोज ज्यांच्याबरोबर मतदान करायचं त्या सिनेटरांतले बहुतेक त्यांच्यामागे नव्हते. २००२ च्या जुलैत लीज यांनी पक्ष सोडला, ऑगस्टमध्ये चार सिनेटरांनी मिळून नेत्याच्या हातात मागण्यांची यादी ठेवली, स्टॉट डेस्पोया यांनी राजीनामा दिला. जून २००८ संपताना सिनेटमध्ये पक्षाचा एकही सदस्य उरला नव्हता. लेबरनं निम्मं वजन कॉकसकडे ठेवलं ते अशा नेत्याला दिवस काढता येत नाहीत म्हणून. ५०–५० ऐवजी ४०–६० करा असा वाद होऊ शकतो, पण खासदारांचं वजन शून्य करून चालत नाही.

तारांगण

शेवटची एक शंका माझीच. मतं समसमान पडली तर? वर २७–२७ चा उल्लेख आला म्हणून.

सह्यकडा

झालेलं आहे. १० मार्च १९७१. संरक्षणमंत्री माल्कम फ्रेझर यांनी राजीनामा देऊन पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्यावर हल्ला चढवला होता. लिबरल पक्षबैठकीत गॉर्टन यांच्यावर विश्वास आहे का, यावर मत घेतलं आणि ३३–३३ निघाले. समसमान मतांवर विश्वास नाकारला गेला असं म्हणता येत नाही, मिळाला असंही म्हणता येत नाही. गॉर्टन यांनी हा विश्वास नव्हे असं मानून पद सोडलं. विल्यम मॅकमहन नेते झाले. मग उपनेतेपदाची निवड झाली, तिला गॉर्टनच उभे राहिले आणि जिंकले. हटवलेला पंतप्रधान त्याच दिवशी नव्या पंतप्रधानाचा उपनेता आणि पुढे संरक्षणमंत्री. ऑगस्टमध्ये मॅकमहन यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं.